गाडीचे शॉकअप: गेले हे कसं ओळखायचं, बदलताना काय पाहायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

साताऱ्यात गॅरेजचं काम करताना शॉकअपबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, फोनवर येतात, आवाजाच्या रेकॉर्डिंगसकट पाठवले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न पावसाळा संपता संपता येतात, तेव्हा रस्त्यांनी आपलं काम केलेलं असतं. उत्तरं हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हींना धरून आहेत. गाडी वेगळ्या बांधणीची असेल तर प्रश्न १७ आणि २१ आधी वाचा.

१. स्प्रिंग आहे ना? मग शॉकअप कशाला लागतो?

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. खड्ड्याचा पहिला दणकाही तीच घेते. पण दाबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. तिला एकटीला सोडलं तर गाडी एका गतिरोधकानंतर पुढचे पन्नास मीटर झुलत राहील. हे झुलणं थांबवण्यासाठी शॉकअप असतो.

त्याच्या नळीत तेल असतं आणि दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रांचा, झडपांचा पिस्टन असतो. चाक वरखाली झालं की पिस्टनला तेलातून वाट काढावी लागते, तेल अडवतं आणि हालचालीतली ताकद उष्णता होऊन नळीतून बाहेर पडते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप कोमट लागतो तो यामुळे.

लोक शॉकअपला आरामाचा भाग समजतात आणि म्हणून बदलायचं पुढे ढकलतात. माझा सगळा आग्रह इथेच आहे: शॉकअपचं खरं काम चाक रस्त्याला चिकटवून ठेवणं हे आहे. चाक हवेत असेल तर ब्रेक, स्टिअरिंग, चांगला टायर यांतलं काहीही उपयोगाचं नाही.

२. किती किलोमीटरला बदलायचे?

ठरलेला आकडा नाही. साधारण ८०,००० किलोमीटरनंतर शॉकअप बारकाईने तपासा, असं बनवणारेच सांगतात आणि तो आकडा धरून चालायला हरकत नाही. पण तो तपासायचा आकडा आहे, बदलायचा नव्हे. रोज पुणे-सातारा महामार्गावर जाणारी गाडी एक लाखाच्या पुढेही त्याच शॉकअपवर चांगली चालते. तीच गाडी ऊसतोडीच्या हंगामात शेतरस्त्यांनी फिरली तर ४०-५० हजारांत थकते. मी ४०,००० नंतर दर सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर असताना चारही शॉकअप डोळ्यांखालून घालतो. दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्या मेकॅनिकला आवर्जून सांगा, कारण सांगितल्याशिवाय ते होतंच असं नाही.

३. शॉकअप गेल्याची लक्षणं कोणती?

अडचण अशी की शॉकअप एका दिवसात जात नाही. तो रोज थोडा थोडा सैल होतो आणि गाडीचं झुलणं आपल्या अंगवळणी पडतं. म्हणून आपल्या गाडीची नीट परीक्षा आपण करू शकत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी गाडीत बसणाऱ्या माणसाला विचारा. मागच्या सीटवर बसलेल्या आईला किंवा मुलांना हल्ली घाटात जास्त मळमळत असेल तर तेही लक्षण समजा.

गाडी चालवताना या गोष्टींकडे लक्ष द्या. ब्रेक मारल्यावर नाक नेहमीपेक्षा जास्त खाली जातं आणि गाडी थांबली की मागे झोका बसतो. महामार्गावर पुलाच्या जोडावरून गेल्यावर गाडी एकदा वरखाली होऊन शांत होण्याऐवजी दोन-तीन वेळा तरंगते. खंबाटकीच्या वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला जास्त कलते आणि स्टिअरिंग पुन्हा पुन्हा सावरावं लागतं. वळणातच रस्ता ओबडधोबड असेल तर गाडीचा मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटतो. हे शेवटचं लक्षण दिसलं तर उशीर करू नका. त्या क्षणी मागचं चाक रस्त्यावर नसतं.

आणखी एक, रात्री दिसणारं: समोरच्या रस्त्यावर तुमच्या हेडलाइटचा झोत सतत वरखाली नाचतो.

टायरवर दिसणारी खूण प्रश्न ८ मध्ये, आवाजाचं प्रश्न ७ मध्ये.

४. बॉनेट दाबून सोडायची चाचणी खरी आहे का?

अर्धी खरी. कोपरा जोर लावून दोन-तीनदा दाबून सोडला आणि गाडी वर येऊन एका हालचालीत स्थिर झाली तर ठीक. दोन-तीन वेळा झुलली तर शॉकअप गेला, यात शंका नाही.

पण झुलली नाही म्हणून शॉकअप चांगला, असं म्हणता येत नाही. हाताने आपण गाडी अगदी सावकाश हलवतो. ताशी ८० च्या वेगाने जोडावरून जाताना शॉकअपला त्याच्या कितीतरी पट वेगाने काम करावं लागतं आणि झिजलेल्या झडपा तिथे उघड्या पडतात. शिवाय हल्लीच्या गाड्यांचे बुश (जोडांमधली रबरं) आणि स्प्रिंग कडक असतात, त्या हाताला फारशा दबतच नाहीत. ही चाचणी पूर्ण मेलेला शॉकअप दाखवते, अर्धमेला नाही. मागे गोल स्प्रिंगऐवजी एकावर एक पाटे असलेल्या गाड्यांचं प्रश्न १७ मध्ये पाहा.

५. शॉकअपवर तेल दिसतंय. लगेच बदलायचा का?

तेल किती आणि कुठपर्यंत आहे ते बघा. दांडा आत-बाहेर होताना सीलमधून तेलाचा अगदी पातळ थर बाहेर येतो आणि तो यावाच लागतो, नाहीतर सील कोरडं पडून फाटेल. त्यामुळे नळीच्या वरच्या भागावर ओलसर धूळ बसलेली दिसली तर घाबरू नका. ओघळ नळीच्या खालच्या अर्ध्या भागापर्यंत आला असेल, बोट लावल्यावर तेल चिकटत असेल, खालून थेंब लोंबत असेल, तर तो शॉकअप गळतोय आणि बदलायलाच हवा.

शंका असेल तर फडक्याने स्वच्छ पुसा, आठवडाभर गाडी चालवा आणि पुन्हा पाहा. पावसाळ्यात चिखलाच्या थराखाली काहीच कळत नाही, म्हणून आधी धुवा. शेजारच्या ब्रेकचं किंवा ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) फाटलेल्या बूटमधलं, म्हणजे रबरी टोपणातलं, ग्रीस उडून शॉकअपवर बसतं आणि ते गळती समजून चांगले शॉकअप काढलेले मी पाहिले आहेत. ग्रीस काळं, दाट आणि शिंतोड्यांसारखं असतं. शॉकअपचं तेल पातळ असतं आणि वरून खाली ओघळतं.

६. कुठेच लीक नाही, तरी मेकॅनिक म्हणतो शॉकअप गेलाय. फसवतोय का?

तसं असेलच असं नाही. तेल जागेवर राहूनही शॉकअप निकामी होतो. आतल्या झडपांच्या पातळ पत्र्या थकतात, पिस्टनभोवतीची पट्टी झिजून तेल कडेने निसटतं, गॅसच्या शॉकअपमधला नायट्रोजन हळूहळू निघून जातो. गॅस गेला की खराब रस्त्यावर तेलाला फेस येतो, फेस अडवत नाही आणि गाडी तरंगायला लागते. अशी गाडी सकाळी चांगली वाटते आणि पंधरा-वीस किलोमीटर खड्ड्यांनंतर बिघडते. गॅरेजमध्ये येईपर्यंत पुन्हा थंड होऊन बरी झालेली असते, म्हणून ग्राहक आणि मेकॅनिक दोघांचाही गोंधळ होतो.

एक जुनी युक्ती आहे. दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावरून येऊन गाडी उभी करा आणि शॉकअपच्या नळ्यांना हात लावा. एकाच ॲक्सलवरच्या, म्हणजे दोन्ही पुढच्या किंवा दोन्ही मागच्या, नळ्यांपैकी एक कोमट आणि एक गार असेल तर गार असलेला काम करत नाही. हात लावताना ब्रेक डिस्क आणि सायलेन्सरपासून जपा, ते खरोखर भाजतात.

शॉकअप खोलून काढल्यावरही परीक्षा होते. गॅसचा शॉकअप पूर्ण दाबून सोडला की दांडा आपोआप सावकाश बाहेर येतो. तो आतच बसून राहिला तर गॅस गेलेला आहे. पण तुमच्या गाडीला मुळातच साधे, तेलाचे शॉकअप असतील तर त्यांचा दांडा नवा असतानाही आपोआप येत नाही. तेव्हा आधी प्रकार विचारा, मग निर्णय घ्या.

७. पुढून खडखड येते. शॉकअपच असणार ना?

बहुतेक वेळा नाही. माझ्याकडे शॉकअप बदला म्हणून आलेल्या गाड्यांत आवाजाची तक्रार सगळ्यात जास्त असते आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी दोषी असतो तो अँटी-रोल बारचा, म्हणजे वळणावर गाडीला कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याचा, लिंक रॉड, शॉकअपच्या किमतीच्या लहानशा भागात मिळणारा. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार होतो.

आवाज नीट ऐकलात तर अर्धं निदान घरीच होतं. कमी वेगात, बारीक खडीवर किंवा पेव्हर ब्लॉकवर सुटी सुटी ‘खट-खट-खट’ येते, ती लिंक रॉडची. गाडी जमिनीवर उभी असताना चाकामागे हात घालून लिंक रॉड धरून हलवा. सैल असेल तर हाताला लगेच कळतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना ‘टंग’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग अडकलेलं असतं. एकाने स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगवर अलगद हात ठेवायचा. स्प्रिंग अडून अडून झटक्याने फिरते हे हाताला जाणवतं. गतिरोधकावरून सावकाश उतरताना ‘किर्र’ होतं ते चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या वाळलेल्या बुशचं, आणि हिवाळ्याच्या सकाळी ते जास्त ऐकू येतं. मोठ्या खड्ड्यात एकदाच खोल ‘धप्प’ होतं तेव्हा मात्र शॉकअपवर संशय घ्या: तो अडवत नाही म्हणून सस्पेन्शन थेट बम्प स्टॉपच्या, म्हणजे शेवटचा दणका अडवणाऱ्या, रबरावर आदळतंय, किंवा ते रबरच तुकडे होऊन गळून पडलंय.

आवाज मागून येत असेल तर आधी डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक आणि पान्हा नीट बांधलेत का पाहा. हे सांगताना संकोच वाटतो, पण मागच्या आवाजाच्या कितीतरी तक्रारी तिथेच संपतात.

८. टायर विचित्र झिजलेत. त्याचा शॉकअपशी संबंध कसा?

टायर खोटं बोलत नाही. शॉकअप सैल असला की चाक रस्त्यावर बारीक उड्या मारत चालतं आणि आपटतं तिथे तिथे रबर जास्त झिजतं. टायरच्या घेरावर काही अंतराने खोलगट चट्टे पडतात. डोळ्याने दिसण्याआधी ते हाताला कळतात: टायरवरून तळहात फिरवला की लाटा जाणवतात. अशा टायरचा वेगात घुमणारा आवाज चाकाच्या बेअरिंगसारखा असतो, त्यामुळे चांगलं बेअरिंग उगाच बदललं जातं.

एकच कडा सलग झिजली असेल तर ते अलाइनमेंटचं किंवा वाकलेल्या भागाचं लक्षण आहे, मधोमध झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. चट्टे पडायला चाकाचं बॅलन्सिंग बिघडणं हेही एक कारण असतं, म्हणून आधी बॅलन्सिंग तपासा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी शॉकअप, मग टायर. उलटं केलंत तर नव्या टायरलाही काही हजार किलोमीटरमध्ये तेच चट्टे पडतील. आणि शॉकअप बदलल्यावर जुने चट्टेवाले टायर तसेच ठेवले तर आवाज लगेच थांबणार नाही. तो टायरचा आवाज आहे.

९. ‘स्ट्रट’ आणि ‘शॉकअप’ वेगळे असतात का?

कामाने नाही, बांधणीने. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या इंग्लंडमधल्या गाड्यांवर आली. १९८३ मध्ये आपल्याकडे मारुती ८०० आली, तिलाही पुढे हीच होती. यात शॉकअप, स्प्रिंग आणि वरचं माउंटिंग एकाच खांबासारखं जोडलेलं असतं आणि चाक थेट त्या खांबाला टेकलेलं असतं. म्हणून पुढचा शॉकअप बदलायचा म्हणजे तो खांब खाली उतरवून स्प्रिंग दाबून मोकळा करावा लागतो. मागे बहुतेक छोट्या गाड्यांना स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, तिथे काम सोपं असतं. मजुरीतला फरक यामुळेच पडतो.

१०. एकच गळतोय. एकच बदलला तर चालेल?

नाही, एका ॲक्सलवरची जोडी बदला. एका बाजूला नवा, घट्ट शॉकअप आणि दुसऱ्या बाजूला साठ हजार किलोमीटर खाल्लेला असेल तर दोन्ही चाकं रस्त्याला सारखी धरत नाहीत. जोरात ब्रेक मारल्यावर आणि ओल्या वळणावर हा फरक दिसतो. चारही बदलायची सक्ती मात्र नाही. पुढचे गेले असतील आणि मागचे खरोखर चांगले असतील तर पुढची जोडी पुरेशी आहे.

अपवाद एकच: जोडी नुकतीच, पाच-सात हजार किलोमीटरपूर्वी बदलली आहे आणि एक अपघातात वाकला किंवा मुळात सदोष निघाला. तेव्हा त्याच कंपनीचा, त्याच पार्ट नंबरचा एक घेतला तर चालतो.

११. शॉकअपसोबत आणखी काय बदलायचं? बिल वाढवायला सांगतात असं वाटतं.

पुढचा खांब एकदा खाली उतरवला की बम्प स्टॉप रबर, धूळ अडवणारा बूट आणि वरचं माउंटिंग बेअरिंगसकट हातात येतं. त्यांची हालत स्वतः पाहा. बूट फाटलेला असेल तर तो नक्की बदला. रस्त्यावरची बारीक वाळू दांड्यावर बसते आणि नव्या सीलला काही महिन्यांत कापते. किमतीने सगळ्यात किरकोळ असलेल्या या भागावर नव्या शॉकअपचं आयुष्य ठरतं. माउंटिंगचं रबर चिरलं असेल किंवा बेअरिंग हाताने फिरवताना खरखरत असेल तर तेही बदला, नाहीतर दोन महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा द्याल. स्प्रिंग तुटलेली किंवा बसलेली नसेल तर बदलू नका. लोअर आर्म, स्टिअरिंगचे रॅक आणि टाय रॉड हे यादीत आले असतील तर त्यातला सैलपणा गाडी लिफ्टवर असताना दाखवायला सांगा. प्रामाणिक मेकॅनिकला त्यात काही वाटत नाही.

१२. घरी स्वतः बदलता येतील का?

मागचे, स्प्रिंगपासून वेगळे असतील तर हाताला सवय असलेल्या माणसाला जमतात. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना ओट, जॅकवर नव्हे तर भक्कम स्टँडवर. एक जोखीम लक्षात ठेवा. शॉकअपचा खालचा बोल्ट काढायच्या आधी ॲक्सलखाली दुसरा जॅक टेकवा. कितीतरी गाड्यांत ॲक्सल खाली लोंबू नये म्हणून शॉकअपच अडवून धरत असतो. तो सुटला की ॲक्सल खाली येतो, ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि स्प्रिंग निसटू शकते.

पुढचा स्ट्रट घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घेण्याइतकी ताकद असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दोन्ही बाजूंनी दाबून ती मोकळी झाल्याची खात्री केल्याशिवाय वरचा मधला नट सोडायचाच नाही. दोरीने, तारेने बांधून हा नट खोलणारे कारागीर अजूनही आहेत. तुमच्या समोर कुणी तसं करत असेल तर थांबवा आणि गाडी दुसरीकडे न्या.

१३. गॅरेजमध्ये काम चालू असताना आम्ही काय बघावं?

हा प्रश्न पाठवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, कारण चांगला शॉकअप चुकीच्या बसवणीने वर्षभरात जातो.

पहिली गोष्ट, नव्या शॉकअपचा चकचकीत दांडा पक्कडीने धरू देऊ नका. वरचा नट आवळताना दांडा सोबत फिरतो आणि घाईत त्याला पक्कड लावली जाते. त्या दातांचा एक ओरखडा पुढे प्रत्येक हालचालीला सील कापत राहतो आणि तीन महिन्यांत गळती सुरू होते. मग दोष शॉकअपला दिला जातो. दांड्याच्या टोकाला ॲलन की किंवा पान्हा बसेल अशी खाच दिलेली असते, ती वापरायची.

दुसरी गोष्ट, शॉकअप दुकानात बरेच दिवस आडवा पडलेला असतो आणि आतल्या नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. बसवण्याआधी तो उभा धरून, दांडा वर ठेवून, सावकाश चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा. सुरुवातीला मध्येच रिकामं लागतं, नंतर हालचाल सलग होते. हे न केल्यामुळे ‘नवा शॉकअपही आवाज करतो’ अशी तक्रार येते.

तिसरी गोष्ट फार कमी ठिकाणी पाळली जाते. मागच्या शॉकअपच्या डोळ्यात रबराचा बुश असतो. त्याचा बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना आवळला तर बुश त्या स्थितीत पकडला जातो. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने लावायचा, गाडी चाकांवर घ्यायची किंवा ॲक्सल जॅकने तितका उचलायचा आणि मग शेवटचा आवळा द्यायचा.

स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीच्या खाचेत टेकलंय का तेही बघा. आणि जुने शॉकअप परत मागा, निदान पाहायला तरी.

१४. नंतर अलाइनमेंट करावीच लागते का?

पुढचे स्ट्रट काढले असतील तर हो. जिथे स्ट्रट चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो तिथे बोल्टच्या भोकातली किंचित जागाही चाकाचा कल बदलते. काम झालं त्याच दिवशी करून घ्या. मागे दोन्ही चाकांना जोडणारा सरळ बीम आणि वेगळे शॉकअप असतील तर मागचे बदलल्यामुळे अलाइनमेंट बिघडत नाही. मागे अनेक आर्मची स्वतंत्र रचना असेल आणि एखादा आर्म सोडावा लागला असेल तर करून घ्या.

१५. गॅसचे घ्यावे की तेलाचे? शोरूमचे की बाहेरचे? खर्च किती येतो?

गाडीला मुळात जे होते तेच. गॅसच्या शॉकअपमध्येही तेल असतंच, नायट्रोजनचा दाब फक्त तेलाला फेस येऊ देत नाही. त्यामुळे लांबच्या खराब रस्त्यावर तो टिकून काम करतो, पण बसायला थोडा घट्ट लागतो. गाडी कंपनीने स्प्रिंगला जुळवून शॉकअप निवडलेला असतो, त्यात आपण शहाणपणा करण्याचं कारण नाही.

शोरूमच्या डब्यातला शॉकअप गाडी कंपनी स्वतः बनवत नाही. तो शॉकअप बनवणाऱ्या कारखान्यांतून येतो. १९६१ पासूनची गॅब्रिएल त्यातलीच, तिचे कारखाने आपल्याच चाकण आणि नाशिकला आहेत. अशा कंपन्यांचा माल त्यांच्या स्वतःच्या डब्यात बाहेरही मिळतो आणि बऱ्याचदा स्वस्त मिळतो. भीती आहे ती नकली मालाची. पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या आणि पार्ट नंबर गाडीच्या मॉडेल-वर्षाशी जुळवा. डिझेल आणि पेट्रोल गाडीचे पुढचे शॉकअप दिसायला सारखे असले तरी वेगळे असू शकतात, कारण इंजिनाचं वजन वेगळं असतं.

छोट्या हॅचबॅकचा पुढचा शॉकअप साधारण १,५०० ते ३,००० रुपये नग, मागचा त्यापेक्षा कमी, मोठ्या गाड्यांना जास्त. त्यावर मजुरी, प्रश्न ११ मधले किरकोळ भाग आणि अलाइनमेंट धरा.

१६. जुने शॉकअप रिपेअर करून मिळतात, अर्ध्याहून कमी पैशांत. घेऊ का?

नको. हे शॉकअप कारखान्यात कायमचे बंद केलेले असतात. कापून, तेल भरून, वेल्डिंग करून परत दिलेल्या शॉकअपमध्ये तेल कुठलं, किती आणि झडपा कोणत्या, हे कुणालाच सांगता येत नाही. आधी महिनाभर कडक वाटतो, म्हणून लोक खूश असतात. खोलून पुन्हा भरण्यासाठीच बनवलेले शर्यतीच्या गाड्यांचे शॉकअप, किंवा पार्ट मिळणंच बंद झालेली जपून ठेवलेली जुनी गाडी, इथे जाणत्या कारागिराकडून काम करून घेणं समजू शकतो. रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीत नाही.

१७. आमच्या बोलेरोला मागे पाटे आहेत. दाबून पाहिलं तर अजिबात झुलत नाही, म्हणजे शॉकअप चांगले ना?

पाट्यांच्या गाडीत ही चाचणी फसवते. एकावर एक बसलेले पाटे हलताना एकमेकांना घासतात आणि ते घासणंच झुलणं अडवतं. मागचे शॉकअप पूर्ण गेले तरी हाताने गाडी हलत नाही. रस्त्यावर मात्र रिकामी गाडी गतिरोधकानंतर मागून उडते आणि खडबडीत वळणावर मागचा भाग बाजूला सरकतो. अशा गाडीत एक टोक सोडून शॉकअप हाताने आत-बाहेर करून पाहा. दोन्ही दिशांना सलग, जड अडथळा लागला पाहिजे. मध्येच पोकळ लागला तर जोडी बदला.

१८. गाडी मागून बसली आहे, डिकीत सीएनजीची टाकीही आहे. शॉकअप बदलल्यावर वर येईल का?

नाही येणार. उंची स्प्रिंग ठरवते. गॅसच्या नव्या शॉकअपने किंचित फरक पडतो, पण बसलेली गाडी उठत नाही. स्टीलच्या सीएनजी टाकीचं वजन एका मोठ्या माणसाइतकं असतं आणि ते चोवीस तास मागेच असतं. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये मागची स्प्रिंग पेट्रोल गाडीचीच राहते. त्याच मॉडेलची कंपनीची सीएनजी आवृत्ती असेल तर तिच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर विचारा, वेगळा असेल तर ती बसवणं हा सगळ्यात सरळ उपाय आहे. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे बफर अडकवून गाडी उंच दिसते, पण ती वेटोळी काम करायची थांबतात आणि दणका बॉडीला व माउंटिंगला बसतो. मी ते बसवून देत नाही.

१९. नवे शॉकअप टाकले, तरी गाडी कडक लागते आणि आवाजही आहे. फसलो का?

कडकपणाला थोडा वेळ द्या. महिनोन्महिने तरंगत्या गाडीत बसल्यावर ताठ गाडी कडकच वाटते. टायरची हवा दारावरच्या पट्टीवर लिहिलेली आहे तितकीच आहे ना, ते पाहा. आवाज मात्र सहन करू नका: वरचा नट कमी आवळलेला, स्प्रिंग खाचेबाहेर, जुनं माउंटिंग तसंच ठेवलेलं, किंवा आवाज मुळात लिंक रॉडचाच होता. पाचशे किलोमीटरच्या आत गाडी परत नेऊन सगळे बोल्ट तपासून घ्या.

२०. शॉकअपला विमा मिळतो का?

झिजल्यामुळे गेला तर नाही. सर्वसमावेशक पॉलिसीतही झीज वगळलेली असते. अपघातात किंवा मोठ्या खड्ड्यात आदळून तुटला, वाकला तर दावा करता येतो, पण घसारा कापला जातो: रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के. वर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तो पहिल्या वर्षीच २० टक्के असतो. एका शॉकअपसाठी बहुतेक वेळा हिशेब जमत नाही. लोअर आर्म, रिम, स्टिअरिंगचे भागही गेले असतील तर गाडी न हलवता फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

२१. इलेक्ट्रिक गाडी किंवा इलेक्ट्रॉनिक शॉकअप असेल तर?

इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड असते. तिच्या पेट्रोल भावंडाचे शॉकअप बोल्टला बसले तरी वापरू नका. ज्या महागड्या गाड्यांच्या शॉकअपला वायर जोडलेली असते तिथे साधा शॉकअप टाकला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीचा संगणक गोंधळतो. ते काम त्या गाडीचं निदान यंत्र असलेल्या जागीच करा.

२२. गतिरोधकांनीच शॉकअप जातात का? वाचवायचे कसे?

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीत गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे, ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी. गावोगावचे गतिरोधक फूटभर रुंदीत तीच उंची गाठतात. ब्रेक गतिरोधकाच्या आधी मारून संपवा आणि चाक चढताना पाय सोडा. ब्रेक दाबलेला असेल तर पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं आणि दणका घ्यायला जागा उरत नाही. चुकवता न येणाऱ्या खड्ड्यालाही हेच लागू आहे. अनोळखी डबक्यातून मात्र चालण्याच्या वेगानेच जा.

२३. पुढचा एक शॉकअप गळतोय, पार्ट चार दिवसांनी येणार आणि परवा गणपतीला कोकणात जायचंय. जाऊ का?

रिकामी गाडी, सपाट महामार्ग, दोन माणसं असती तर वेग कमी ठेवून जा म्हटलं असतं. पण गणपतीला पाच माणसं, भरलेली डिकी, कुंभार्ली घाटाची ओली वळणं आणि समोरून येणाऱ्या एसट्या. त्या उतारावर ब्रेक मारताना पुढचं चाक उड्या मारत असेल तर गाडी हवी तिथे थांबणार नाही. म्हणून जाऊ नका असंच सांगतो. दुसऱ्या गावच्या दुकानात पार्ट विचारा, चिपळूण, कराड, पुणे, सगळीकडे फोन करा. एसटीने पाठवलेलं पार्सल दुसऱ्या दिवशी हातात येतं. पार्ट मिळालाच नाही तर गाडी घरी ठेवून बसने जा. आणि पुढच्या वर्षी श्रावण लागला की गाडी लिफ्टवर घेऊन चारही शॉकअप पाहून घ्या, तेव्हा पार्टही मिळतो आणि मेकॅनिकलाही वेळ असतो.